पगने मनुका खाल्ल्या, उलटी घरीच काढावी का?

पगवाली
वजन ९ किलो, वय ४ वर्षं. शिऱ्यासाठी ३० ग्रॅम मनुका मोजून ठेवल्या होत्या. पाऊण तासापूर्वी त्याने वाटीच साफ केली. आत्ता मजेत खेळतोय. मीठपाणी पाजू का? घरात हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटलीही आहे. शेजारी म्हणतात, त्यांचा कुत्रा द्राक्षं खातो, त्याला कधी काही झालं नाही.

दवाखाना_दुसरी_गल्ली
दोन्ही नको. आधी डॉक्टरांना फोन, मग लगेच रिक्षा.

मीठपाण्याने रक्तातलं सोडियम एकदम चढतं आणि झटके येतात. म्हणजे मनुकांवर आणखी एक विषबाधा. पेरॉक्साइड वापरतात ते ३ टक्क्यांचं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर आणि वजनावर मोजून. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारं बहुधा ६ टक्क्यांच्या आसपास असतं. ते तसंच पाजलं तर अन्ननलिका आणि जठर भाजतं. त्यात तुमचा पग. चपट्या नाकाच्या कुत्र्याला ओकताना ठसका लागून उलटी फुप्फुसात जायची भीती जास्त. त्यांची उलटी दवाखान्यातच, इंजेक्शन देऊन काढलेली बरी.

किलोमागे साधारण ३ ग्रॅम मनुकांनी किडनी गेल्याच्या नोंदी आहेत. तुमचा हिशोब ३.३ ग्रॅम येतो. खरं तर 'इतक्या चालतात' असा आकडाच नाही, त्यामुळे कमी खाल्ल्या असत्या तरी हेच सांगितलं असतं. मनुका पोटात फुगून बराच वेळ पडून राहतात. दोन तास उलटून गेले तरी जायचं टाळू नका.

दूध, तूप, हळद यातलं काही भरवू नका. उतारा कशातच नाही.

चिंचगूळ
शेजाऱ्यांचंही खोटं नसेल. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाची जात आणि पिकलेपण यांवर त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून एकाला पचतात आणि दुसऱ्याची किडनी बसते. काळ्या मनुका असोत की सोनेरी बेदाणे, धोका आहेच. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, आणि तिच्याकडे आपलं लक्षच नसतं. चिंचेचा गोळाही वर ठेवा.

पगवाली
निघालोय. तिथे काय विचारू?

दवाखाना_दुसरी_गल्ली
वेळ, वजन आणि ३० ग्रॅम एवढं आधी सांगा. उलटीत किती मनुका पडल्या ते मोजायला सांगा. औषधी कोळसा द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. मात्र रक्त आजच काढा: क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस. आजचा रिपोर्ट नॉर्मल येईल, त्याने हुरळून जाऊ नका. तो नंतरच्या तुलनेसाठी. किडनीचा त्रास २४ ते ७२ तासांत दिसतो, त्यामुळे रोज एकदा असं ३ दिवस पुन्हा तपासायचं. सलाईन सहसा ४८ तास चालतं.

घरी आणल्यावर लघवीवर लक्ष ठेवा. पाणी पितोय पण लघवी कमी होतेय किंवा थांबलीय, तर रात्र असली तरी उचलून न्या. आणि मधल्या काळात माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात नको, किडनीवरचा ताण वाढतो.