धंद्याचं इंग्रजी: आधी मराठी प्रतिशब्द की थेट वार्षिक अहवाल?

खतावणी:
मराठी माध्यमातून कॉमर्स केलेल्यांच्या हाती सगळ्यात आधी पडते ती शब्दांची यादी. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, डिव्हिडंड म्हणजे लाभांश, अशी पाचशे शब्दांची घोकंपट्टी. माझं मत, यादी फेकून द्या. शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि ताळेबंदाखालच्या टिपा वाचा, रोज एक. यादीत ‘लॉस’ असतो. पण लॉस ‘इन्कर’ होतो, इन्व्हॉइस ‘रेज’ करतात, चेक ‘ऑनर’ होतो, हे नसतं. मग मेलमध्ये ‘वुई डिड लॉस’ जातं.

तेरीज:
साफ असहमत. टीप कळायला आधी कल्पना डोक्यात हवी. प्रोव्हिजन आणि रिझर्व्ह घ्या. इंग्रजी वाचून दोन्ही ‘पैसे बाजूला काढणं’ वाटतात. मराठीत सांगा: तरतूद नफा काढण्याआधी वजा होते, तोटा असला तरी करावीच लागते, राखीव निधी नफा निघाल्यावर त्यातून बाजूला पडतो. दोन मिनिटांचं काम. आणि अहो, तुमचा आयडीच ‘खतावणी’ आहे, ‘लेजर’ नाही!

खतावणी:
आयडी राहू द्या. प्रतिशब्द फसवतो त्याचं काय? बँकांनी कर्ज ‘राइट-ऑफ’ केलं की बातमीत ‘कर्जमाफी’ छापून येतं. प्रत्यक्षात त्या कर्जासाठी पूर्ण तरतूद आधीच झालेली असते, म्हणून ते ताळेबंदातून काढतात. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, वसुलीही चालू राहते. माफी म्हणजे ‘वेव्हर’.

तेरीज:
हा दोष भाषांतर करणाऱ्याचा. ‘निर्लेखन’ हा नेमका शब्द आहे, वापरत नाहीत एवढंच.

चालू_खातं:
दोघांनाही एक विचारतो. पासबुकात पैसे आले की ‘क्रेडिट’ आणि पुस्तकात बँक खातं ‘डेबिट’, इथे निम्मी मुलं अडकतात. ‘जमा’ आणि ‘नावे’ म्हटल्याने सुटतं का? नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तुमची ठेव हे तिचं देणं, म्हणून तिच्याकडे जमा; तुमच्या वहीत ती मालमत्ता, म्हणून नावे. वही कोणाची, हे आधी विचारायचं. भाषा नंतर.

शिवाय याद्या जुन्या असतात. उधारीच्या ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमेसाठी ‘संड्री डेटर्स’ अजून पाठ करतात. २०१३च्या कंपनी कायद्याच्या नमुन्यात तिथे ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’ आहे. जुना शब्द नव्या ताळेबंदात शोधत बसाल.

पाव_टक्का:
आकड्यांचं इंग्रजी सगळेच विसरतात. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, हे बोटांवर हवं. जून २०२५मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर, ६ वरून ५.५ टक्क्यांवर आला. ही घट ५० बेसिस पॉइंट्सची, म्हणजे अर्ध्या ‘पर्सेंटेज पॉइंट’ची. ‘५० पर्सेंट’ लिहिलंत तर हसं होईल, आणि ‘०.५ पर्सेंट’ही काटेकोर नाही, कारण ६च्या तुलनेत ती ८.३३ टक्के भरते. ‘टर्नओव्हर’चंही तसंच: आपल्याकडे उलाढाल, पण अमेरिकन अहवालात ‘एम्प्लॉयी टर्नओव्हर’ म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण.

खतावणी:
बरोबर, म्हणूनच सुटा शब्द नको. वहीत डावीकडे अहवालातलं अख्खं वाक्य उतरवा: ‘डेप्रिसिएशन वॉज चार्ज्ड ऑन मशिनरी’. उजवीकडे त्याची नोंद करा: घसारा खाते नावे, यंत्रसामग्री खाते जमा. नोंद जमली नाही तर शब्द कळलेला नाही, अर्थ कितीही पाठ असो. दिवसाला अशी पाच वाक्यं पुरेत.

तेरीज:
पद्धत मान्य. पण उजवीकडे मराठी आलीच की!