मदत हवी आहे: कुंझुम खिंडीच्या उताराला सायकलचे ब्रेक कोणते?

सप्टेंबरमध्ये सायकलने हिमाचलमध्ये काझा–लोसर–कुंझुम–बातल–छत्रू–ग्राम्फू करायचंय. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल), 29 इंची ट्यूबलेस चाकं, सामान 12 किलो, सोबत गाडी नाही. विरळ हवेसाठी काझ्यात आधी मुक्काम आहे; दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडणार. अडलंय ते उतारावर.

एवढंच सामान लादून सिंहगड उतरताना केबलचे डिस्क ब्रेक तापून मंदावतात. रेझिनऐवजी मेटलचे ब्रेक पॅड घातले, पुढची रोटर (ब्रेकची चकती) 160 मिमीची 180 केली. बराच फरक पडला, तरी बोटं आखडतातच. आणि सिंहगडाला निदान डांबर आहे! हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक घेतले आणि दगडावर आपटून तेल गळलं, तर मनालीआधी दुरुस्ती कुठली?

सामानासह हा रस्ता केलेल्यांनी सांगा: केबलवरच राहू की हायड्रॉलिक घेऊ?