स्वतःच्या डोमेनच्या मेलला डीकेआयएम सही : कुणाकडून करून घ्यावी?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. डोमेन एका कंपनीकडे, वर्डप्रेसची वेबसाइट दुसऱ्याच्या शेअर्ड होस्टिंगवर आणि मेल गूगल वर्कस्पेसवर. हल्ली आमची कोटेशनं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जातात. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच. होस्टिंगवाला म्हणतो डीकेआयएम (मेल खरंच आमच्या डोमेनचाच आहे हे पटवणारी डिजिटल सही) लावून घ्या, आणि त्याचे वर्षाला वेगळे पैसे सांगतो. पण मी माझ्याच जीमेलवर मेल पाठवून 'शो ओरिजिनल' (मेलची तांत्रिक माहिती) उघडलं, तर डीकेआयएम पास दिसतंय. मग लावायचं काय? कुणी अशी सेवा घेतली आहे का?

बिनतारी
एक रुपयाही देऊ नका. सही करतो तो मेल पाठवणारा सर्व्हर, आणि तुमचा तो सर्व्हर गूगलचा आहे. कोटेशनच्या मेलशी होस्टिंगवाल्याचा संबंधच येत नाही. 'पास'च्या पुढे कुठल्या डोमेनचं नाव आहे, ते आधी वाचा. शेवटी गॅप्सएसएमटीपी डॉट कॉम असेल, तर ती गूगलने आपल्या नावाने केलेली सही आहे. तुमच्या डोमेनची नव्हे.

शिरोलीकर
बरोब्बर, तेच आहे.

बिनतारी
मग आता हे करा. अ‍ॅडमिन कन्सोल, अ‍ॅप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, ऑथेंटिकेट ईमेल. तिथे २०४८ बिटची किल्ली तयार करा. सही करणारी खासगी किल्ली गूगलकडेच राहते; सही तपासायची सार्वजनिक किल्ली टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत टाकायची. नेमसर्व्हर (ती नोंदवही सांभाळणारे सर्व्हर) जिथले आहेत तिथल्याच पॅनलमध्ये टाका. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असताना लोक होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये रेकॉर्ड टाकतात आणि दोन दिवस वाट बघत बसतात. नावाच्या रकान्यात बहुतेक पॅनल डोमेन आपणहून जोडतात, तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत तर डोमेन दोनदा लागतं. रेकॉर्ड दिसायला लागला की परत कन्सोलमध्ये येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबा. ते बटण दाबेपर्यंत तुमच्या नावाची सही सुरू होत नाही.

सदाशिवपेठी
एवढा खटाटोप कशाला? एसपीएफ रेकॉर्ड असला की पुरे. आमचं ऑफिस कित्येक वर्षं त्यावरच चाललंय.

ऑरेंजसिटी
पेठकर, मेल थेट पोचतो तोवर चालतं. एसपीएफ बघतं की मेल आणून देणारा सर्व्हर तुमच्या यादीतला आहे का. गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्याने आपला पत्ता दुसऱ्या मेलबॉक्सकडे फॉरवर्ड केला असेल, तर मेल येतो त्यांच्या सर्व्हरवरून. तो तुमच्या यादीत कुठून असणार? डीकेआयएमची सही मात्र पत्रावरच असते, मजकूर कुणी बदलला नाही तर फॉरवर्डनंतरही टिकते. शिरोलीकर, 'काहींच्याच' स्पॅममध्ये जातं म्हणालात ना, त्या गिऱ्हाइकांना फॉरवर्डिंगबद्दल विचारून बघा.
शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत. जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं. दिवसाला जीमेल खात्यांवर ५००० च्या वर मेल जात असतील तर दोन्ही हवेत, वर डीमार्कही (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड). तुमचा आकडा तेवढा नसेल, पण सही फुकट मिळत असताना का सोडायची?

शिरोलीकर
आमचं पॅनल २०४८ ची किल्ली घेत नाही, फार लांब म्हणतं. १०२४ चालेल का?

बिनतारी
चालते, पण आधी तोडून बघा. एका टीएक्सटी तुकड्यात २५५ अक्षरंच बसतात, म्हणून किल्ली अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून द्यायची. तरीही घेतलं नाही तर नाइलाजाने १०२४. त्याखाली कधीच नको. २०११ च्या डिसेंबरात झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाला गूगलकडून नोकरीबद्दल मेल आला. सहीची किल्ली फक्त ५१२ बिटची बघून त्याला वाटलं, हीच परीक्षा असणार! पठ्ठ्याने ती फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवला. थोड्याच दिवसांत गूगलची किल्ली २०४८ ची झाली.

पोस्टमास्तर
वेबसाइटचा चौकशी फॉर्म कुणी विचारातच घेतला नाही. तो मेल गूगलमधून नव्हे, होस्टिंगच्या सर्व्हरवरून जातो, म्हणजे ही सही त्याला लागणारच नाही. त्यातून बरेच फॉर्म 'प्रेषक' म्हणून चौकशी करणाऱ्याचाच पत्ता लावतात. त्याच्या डोमेनच्या नावाने तुमचा सर्व्हर बोलतोय, मग अडवलं तर दोष कुणाला? प्रेषक तुमच्या डोमेनचा ठेवा आणि त्याचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये टाका. न्यूजलेटरची सेवा वापरत असाल तर तिथेही तुमच्या डोमेनची सही वेगळी चालू करावी लागते. प्रत्येक सेवेचा सिलेक्टर (डीकेआयएम रेकॉर्डच्या नावातली खूण) वेगळा असल्याने रेकॉर्ड एकमेकांच्या आड येत नाहीत. एसपीएफ मात्र डोमेनला एकच हवा, दोन झाले की दोन्ही बाद.

शिरोलीकर
दोन तुकडे करून २०४८ घेतली पॅनलने! 'पास'पुढे आता आमचंच डोमेन येतंय. फॉर्मसाठी कुठलं प्लगइन घेऊ? आणि डीमार्क लगेच कडक लावू का?

पोस्टमास्तर
फ्लुएंट एसएमटीपी घ्या, पूर्ण फुकट आहे. वर्कस्पेसच्याच खात्याने जोडा, म्हणजे फॉर्मच्या मेललाही गूगल सही करेल. डीमार्क लगेच कडक नको. आधी 'पी बरोबर नन' (म्हणजे काहीच अडवू नका) ठेवून अहवाल एका वेगळ्या मेलबॉक्सवर मागवा. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते त्यात दिसतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर बहुधा तिथेच सापडेल. ते सगळे पास व्हायला लागले की मग 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका).