आगरकर चौकातली बस आणि बंद झालेल्या ४०० गाड्या : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बुधवार, २२ फेब्रुवारी २०२३

ए-२०४ : आगरकर चौकात बेस्टची बस पेटलीय. अंधेरी स्टेशनकडून येणारा रस्ता तुंबलाय. आपल्यापैकी कोणी त्या बाजूला असेल तर घरी पोचल्यावर इथे लिहा प्लीज.

सी-१०१ : मी पोचले. लेक क्लासहून रिक्षाने आली, तीही घरी आहे.

बी-६०२ : कोणालाही इजा नाही असं बातम्यांत सांगतायत. देवाची कृपा.

ए-२०४ : महिन्याभरातली ही तिसरी! बेस्टने आता जाहीर केलंय की या बस पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या सगळ्या ४०० सीएनजी बस रस्त्यावरून काढतायत. बस बनवणारी कंपनी आणि ठेकेदार मिळून दोष दुरुस्त करत नाहीत तोवर त्या बाहेर पडणार नाहीत.

सी-३०३ : अहो पण उद्या सकाळी काय करायचं? बारावीची परीक्षा कालच सुरू झालीय. एकदम ४०० गाड्या काढायच्या म्हणजे? रोज रात्री डेपोत दहा-वीस तपासा आणि सकाळी सोडा ना. सगळ्यांकडे रिक्षाचे पैसे नसतात. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी पाच रुपयांत येतात. उद्या त्या कशा येणार?

डी-४०१ : अगदी बरोबर ताई. बेस्टचा ताफा साडेतीन हजारांच्या आसपास, त्यातल्या ४०० म्हणजे आठ-नऊ गाड्यांमागे एक गेली.

बी-१०४ : सी-३०३ ताई, तुमची अडचण खरी आहे. पण बस काढल्या हे योग्यच केलं. मी डेपोत इलेक्ट्रिशियन होतो हे जुन्या लोकांना माहीत आहे. जेवून सविस्तर लिहितो.

बी-१०४ : सीएनजीची बस पेटली की सगळ्यांचं लक्ष सिलिंडरकडे जातं. सिलिंडरला झडपा असतात, त्याची ठराविक मुदतीत चाचणी होते. माझा अनुभव असा की गाडीत आग बऱ्याचदा वायरिंगमधून सुरू होते. बसला २४ व्होल्टची बॅटरी असते. व्होल्टेज कमी म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते, पण करंट भरपूर वाहतो. बॅटरीकडून स्टार्टरला जाणारी जाड केबल चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पत्र्यातल्या भोकातून ओवलेली असते. त्या भोकाला रबराची कडी हवी. कडी निघाली, नाहीतर क्लॅम्प सैल झाला, की गाडीच्या हादऱ्याने केबल पत्र्याच्या धारेवर घासत राहते. वरचं आवरण झिजतं, आतलं तांबं उघडं पडतं, आणि एक दिवस ते चॅसीला टेकून शॉर्ट सर्किट होतं. शेजारी तेलकट मळ, प्लास्टिकच्या नळ्या, फोम. पेटायला आणखी काय हवं?

बी-१०४ : दुसरी गोष्ट सैल टर्मिनलची, म्हणजे वायर जिथे जोडतात त्या जागेची. तिथे फ्यूज उडतच नाही, कारण करंट नेहमीइतकाच असतो. फक्त तो जोड तापत जातो आणि प्लास्टिक वितळायला लागतं. निवृत्तीनंतर मित्राच्या गॅरेजमध्ये एक खाजगी बस आली होती. तिच्या फ्यूज बॉक्समध्ये १५ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. ड्रायव्हर म्हणाला, फ्यूज सारखा उडायचा म्हणून घातली. फ्यूज का उडतोय हे कोणी बघितलंच नव्हतं. शेजारची वायर हातात घेतली तर आवरण बिस्किटासारखं तुटून पडलं.

सी-१०१ : बाप रे.

ए-५०२ : काका, मग या ४०० बसमध्येही हेच झालंय का?

बी-१०४ : ते गाडी उघडून बघणाऱ्यानेच सांगावं, मी इथे बसून सांगणार नाही. पण एकाच बनावटीच्या तीन गाड्या महिन्यात पेटल्या तर दोष एका गाडीत शोधून भागत नाही. वायरिंगचा मार्ग सगळ्या गाड्यांत सारखाच असतो. एकीत केबल जिथे घासते तिथेच उरलेल्या गाड्यांतही घासत असणार. म्हणून सी-३०३ ताई, दहा तपासा आणि बाकीच्या चालवा हे इथे लागू होत नाही. पॅरिसमध्येही गेल्या एप्रिलमध्ये एकाच मॉडेलच्या दोन इलेक्ट्रिक बस पेटल्या, तर त्यांनी त्या मालिकेच्या १४९ बस लगेच थांबवल्या. दिल्लीत २००९-१० च्या सुमारास नव्याकोऱ्या लो-फ्लोअर बस पेटत होत्या, तेव्हाही शॉर्ट सर्किटकडेच बोट होतं.

सी-३०३ : काका, पटतंय. जिवापेक्षा काही मोठं नाही. पण पर्यायी गाड्या द्यायला नकोत का?

बी-१०४ : द्यायलाच हव्यात. मागणी दोन्हीची करू.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

डी-२०२ : स्टॉपवर अर्धा तास उभी आहे. आलेली पहिली बस इतकी भरलेली होती की थांबलीच नाही. पुढे दोन आजी उभ्या आहेत, त्यांना चढता येणं शक्यच नाही.

ए-२०४ : बारावीची मुलं कोणाकोणाची आहेत? माझी गाडी सव्वानऊला निघते, तीन जागा आहेत.

सी-१०१ : आमची एक. दादा, फार उपकार होतील.

बी-६०२ : माझ्याही गाडीत दोन जागा. सेंटर कुठलं ते कळवा, पेपर संपेपर्यंत रोज नेईन.

डी-४०१ : काल रात्री कायदा पाहिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलंय. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, कंपनीला दहा लाख ते एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण वाहन पोर्टलवर तक्रार करायची ती गाडीच्या मालकाने. या बस भाडेतत्त्वावरच्या, मालक ठेकेदार, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देते. म्हणजे रोज त्यात बसणाऱ्या आपल्याला तिथे तक्रार करायची सोयच नाही!

ए-५०२ : पूर्वी नगरसेवकाला गाठता यायचं, तो बेस्ट समितीत प्रश्न लावून धरायचा. गेल्या मार्चपासून महापालिकेत प्रशासक आहे, समितीही नाही. विचारायचं कोणाला?

सेक्रेटरी : बेस्टच्या महाव्यवस्थापकांनाच सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र देऊ. बी-१०४ काका, मुद्दे तुम्ही सांगा.

बी-१०४ : लिहून घ्या. बस बंद केल्याबद्दल आधी आभार माना, मनापासून. मग विचारा : तिन्ही गाड्यांत आग कुठून सुरू झाली? दोष एकच होता का? ४०० पैकी प्रत्येक गाडीत नेमकं काय बदललं? केबलचा मार्ग बदलला की नुसते क्लॅम्प आवळले? आणि गाडी सुरक्षित आहे असं सही करून कोण सांगणार? फक्त ठेकेदाराच्या माणसाने सही केली तर मला ते मान्य नाही. त्याचे पैसे गाडी धावली तरच सुटतात. बेस्टच्या स्वतःच्या इंजिनिअरने प्रत्येक गाडी बघायला हवी. ही सगळी माहिती प्रवाशांना वाचता येईल अशी जाहीर करा, आणि मगच बस रस्त्यावर आणा.

डी-२०२ : आणि तोवर सकाळी सात ते अकरा आपल्या मार्गावर दुसऱ्या गाड्या द्या, हे सगळ्यात वर घाला.

सी-३०३ : काका, बसमध्ये असं झालं तर आपण काय करायचं? एसी बसच्या काचा उघडत नाहीत. सासूबाई रोज जातात.

बी-१०४ : करपल्याचा वास आला की लगेच ओरडून ड्रायव्हरला सांगायचं, लाजायचं नाही. गाडी थांबली की दार. दार हवेवर चालतं, ते अडकलं तर दाराजवळ वरच्या बाजूला इमर्जन्सीचा नॉब असतो. तो फिरवला की दाबाची हवा निघून जाते आणि दार हाताने ढकलता येतं. नॉब कुठे आहे ते चढताना एकदा बघून ठेवायला सांगा. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का तेही बघायला सांगा, नसेल तर कंडक्टरला विचारावं. उतरल्यावर सामानासाठी परत आत जायचं नाही. तुमच्या सासूबाईंना मी संध्याकाळी खाली भेटून नीट समजावतो.

सी-३०३ : येते त्यांना घेऊन. 🙏

सेक्रेटरी : पत्राचा मसुदा दुपारी टाकतो. सही उद्या संध्याकाळी ७ ते ९, सोसायटी ऑफिसमध्ये. भाडेकरूंनीही यावं. घरकामाच्या मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले दादा, बसने येणाऱ्या सगळ्यांची सही हवी आहे, त्यांना आपापल्या घरून निरोप द्या.

डी-४०१ : मसुद्यात ११०-अ चा उल्लेख मी घालतो. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींशीही बोलतो.

ए-२०४ : उद्या सव्वानऊ, गेटपाशी. हॉल तिकीट विसरू नका रे मुलांनो.