मॅनहॅटन ट्रान्सफरचा ‘व्होकॅलीझ’: मधले दोन आवाज घसरतात

रत्नागिरीकर: चार आवाजांत जॅझ गाणाऱ्या या अमेरिकन गटाचा १९८५चा हा अल्बम म्हणजे खजिना! चौघे मिळून त्यातला एक तुकडा बसवतोय. वरचा आणि खालचा आवाज टिकतो, पण मधले दोघे दुसऱ्याच ओळीला मुख्य चालीवर जातात. काय करावं?

मालवण: डबलबारी भजनाचा कोरस मुख्य चालच उचलतो, त्या सवयीनं कान तिकडेच ओढतो. मधल्यांनी आपापली ओळ शब्दांशिवाय, निम्म्या लयीत पाठ करावी; मग खालच्या आवाजासोबत गावी. मुख्य चाल सगळ्यांत शेवटी आणा. आणि काय ते शब्द! गीतकार जॉन हेंड्रिक्सनं वाद्यांच्या सोलोवर अक्षर न् अक्षर बसवलंय. श्वासाच्या जागा वादकाच्या आहेत, गायकाच्या सोयीच्या नाहीत. आधीच पेन्सिलनं खुणा करा.

गुहागर: सराव पेटीवर करताय का? कीबोर्डसारख्या जुळवलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. दोघं इकडे, दोघं तिकडे धरून गायले की कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे सूर, डळमळते. नुसत्या आवाजांत तानपुऱ्याचा गंधार फार गोड लागतो. कीबोर्डची साथ असेल तर सगळ्यांनी कीबोर्डचाच धरा.

रत्नागिरीकर: पेटीच वापरतोय! आजपासून तानपुरा. आभार दोघांचेही.