लोकपाल सरकारच्या हाताखाली द्यायचा?

शाहूपुरीकर : काल इथं एकानं लिहिलं, 'बँकांविरुद्धच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडून काढून सरकारी खात्याकडं द्या, निवडून आलेला माणूस जनतेला जाब तरी देतो.' वाचून डोकं तापलं. कोल्हापुरात राहून असं लिहिता? इथं बँकेच्या पॅनेलचं राजकारण आणि विधानसभेचं राजकारण वेगळं आहे का? माझे एटीएममधून १०,००० निघाले नाहीत, खात्यातून मात्र गेले. पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हे शाखेत मीच सांगितलं. महिनाभर 'होईल, होईल'. ३० दिवस उलटल्यावर लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार टाकली. वकील नाही, फी नाही, कुणाची चिठ्ठी नाही. पैसे भरपाईसकट आले.

गुजरीतला : तुमचे आले, आनंद आहे. पण २०२१च्या योजनेत लोकपाल रिझर्व्ह बँकेचाच अधिकारी आणि अपील ऐकणाराही तिथलाच कार्यकारी संचालक. देखरेखीत कसूर रिझर्व्ह बँकेचीच असली तर ती कबूल कोण करणार? विमा लोकपालाचे २०१७चे नियम केंद्र सरकारनंच केलेत. तिथं लोकांना न्याय मिळत नाही का?

उचगावची लेक : तुमचं सगळं बँकांचं चाललंय. पतसंस्थेला हा लोकपाल लागूच नाही. तिथं राज्याचं सहकार खातं, म्हणजे सरकारच. आईचे साडेचार लाख अडकलेत. ठेवपावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती कार्यालयाचा जिना चढते, मधल्या वळणावर कठडा धरून थांबते. वर गेलं की साहेब मीटिंगला. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेवविमा असतो, इथं तोही नाही.

गुजरीतला : जादा व्याजाच्या मोहानं पतसंस्थेत ठेवायचे आणि मग...

उचगावची लेक : मोह? आईला बँकेतली स्लिप भरता येत नव्हती. पिग्मीवाला रोज दारात यायचा, म्हणून तिथं ठेवले. तोंड सांभाळून बोला.

शाहूपुरीकर : बघा, सरकारच्या हाताखाली दिलं की हे असं होतं!

गुजरीतला : ताई, चुकलो, शब्द मागे घेतो. पण शाहूपुरीकर, तुम्ही त्यांच्या दुःखावर आपला मुद्दा रेटू नका.

निवृत्त कॅशियर : रिझर्व्ह बँक तरी पूर्ण मोकळी कुठं आहे? १९३४च्या कायद्यात कलम ७ आहे, गव्हर्नरांशी सल्लामसलत करून सरकार लोकहितासाठी निर्देश देऊ शकतं. २०१८ला त्यावरून केवढं वादळ उठलं, आणि डिसेंबरात तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. मी ३१ वर्षं काउंटरवर काढली. साहेबांना मंत्र्याच्या फोनपेक्षा रिझर्व्ह बँकेच्या तपासणीची धास्ती जास्त असायची. ती घालवू नका.

शाहूपुरीकर : बरं, अपील त्याच घरात नको, एवढं मानतो. निवृत्त न्यायाधीश बसवा. पण मंत्रालयात नाही म्हणजे नाही.

उचगावची लेक : सोमवारी आईला घेऊन परत जाणार आहे. ठेवीदार संरक्षणाच्या १९९९च्या कायद्याखाली, एमपीआयडी म्हणतात तो, आपल्याकडं कुणी तक्रार दिली आहे का? कागद काय काय लागले, तेवढं सांगा.