ड्रॉइंग सर्व्हर: गणेशा कंटेनरमध्ये, की कर्नलचा एनएफएस वेगळ्या व्हीएममध्ये?

शिरोली_नेटवर्क

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत डिझाइन ऑफिसचं चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच. पॅटर्नची ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल आणि सिम्युलेशनच्या जडजड फायली एका लिनक्स मशीनवर, तिथून दहा-पंधरा वर्कस्टेशनना एनएफएसनं (नेटवर्कवरून फायली वाटण्याची पद्धत) शेअर. त्याच मशीनवर हजेरी आणि बिलिंगही चालतं. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एनएफएस सर्व्हर (एनएफएसडी) अडकला की अख्खं मशीन रीबूट करावं लागतं आणि गेटवरची बिलं थांबतात. म्हणून माझं मत ठाम आहे: एनएफएस-गणेशा वापरा. तो एनएफएस सर्व्हरच, पण कर्नलबाहेर, युजर-स्पेसमध्ये चालणारी साधी प्रोसेस आहे. ती डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या केलेल्या कप्प्यात) ठेवा, कोसळली तरी तेवढीच कोसळेल.

मांडणी अशी. फक्त एनएफएस व्हर्जन ४ चालू ठेवा, एनएलएम (जुन्या व्हर्जनचं लॉकिंग) आणि आरकोटा (डिस्क-कोट्याची चौकशी) बंद करा. मग टीसीपी २०४९ हे एकच पोर्ट उघडावं लागतं. व्हर्जन ३ घेतलं की १११ वरचं आरपीसीबाइंड, माउंटडी, स्टॅटडी अशी मदतनीस सेवांची सगळी वरात मागून येते. डेटा होस्टच्या (मूळ मशीनच्या) एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ पार्टिशनवरून बाइंड माउंट करा, म्हणजे तो फोल्डर कंटेनरमध्ये जसाच्या तसा दिसेल. कंटेनरच्या स्वतःच्या ओव्हरले थरातला फोल्डर एक्सपोर्ट करू नका. ओव्हरले डीफॉल्टनं एनएफएसला लागणारे टिकाऊ फाइल हँडल (फाइलची ओळखखूण असलेले आकडे) देत नाही. एक्सपोर्टमध्ये व्हीएफएस एफसॅल (साध्या डिस्कवरच्या फायलींपर्यंत पोचणारा गणेशाचा भाग) लावा आणि कंटेनरला 'कॅप_डॅक_रीड_सर्च' ही एक जादा कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांचा एक तुकडा) द्या. गणेशा फोरग्राउंडमध्ये चालवा, नाहीतर मूळ प्रोसेस संपली म्हणून कंटेनर लगेच बंद होतो. नोफाइलची (एका वेळी उघडता येणाऱ्या फायलींची) मर्यादा ६५५३६ करा. कंटेनरमध्ये ऑफिसच्या युजरची यादी नसते, म्हणून 'ओन्ली_न्यूमेरिक_ओनर्स' ट्रू करा, नाहीतर फायलींचा मालक 'नोबडी' दिसण्याची पाळी येते.

राजारामपुरी_रूट

साहेब, मांडणी नीट आहे, पण 'एक जादा कॅपॅबिलिटी' हे तुम्ही जाता जाता म्हणालात आणि सगळी ग्यानबाची मेख तिथंच आहे. व्हीएफएस एफसॅल क्लायंटकडून आलेल्या हँडलवरून फाइल उघडतो, त्यासाठी 'ओपन_बाय_हँडल_ॲट' ही सिस्टीम कॉल लागते आणि तिला हीच कॅपॅबिलिटी हवी. २०१४ मध्ये 'शॉकर' नावाचा एक्स्प्लॉइट गाजला तो नेमका हिच्यावरच. डॉकर १.० च्या आधी ही कॅपॅबिलिटी कंटेनरला आपोआप मिळायची. आतला रूट हँडलचे आकडे अंदाजानं बनवून होस्टची शॅडो फाइल (जिच्यात पासवर्डचे हॅश असतात) वाचू शकायचा. डॉकरनं जी जाणूनबुजून काढून घेतली, ती तुम्ही हातानं परत देताय. ती दिली की डॉकरचं डीफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइलही (सिस्टीम कॉल गाळणारी चाळणी) ती कॉल मोकळी करतं. याला आयसोलेशन कसं म्हणायचं?

माझा पर्याय: त्याच मशीनवर केव्हीएमचं (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनचं) छोटं व्हीएम, म्हणजे स्वतःचं ओएस असलेलं आभासी मशीन, दोन जीबी रॅम, डेटाची डिस्क व्हर्टआयओनं (व्हीएमसाठीच्या जलद ड्रायव्हरनं) जोडलेली, आत नेहमीचा कर्नल एनएफएसडी. अडकला तर व्हीएम रीबूट करा, बिलिंगला धक्का लागत नाही.

शिरोली_नेटवर्क

मुद्दा बरोबर, पण अर्धा. हँडल हे एका फाइलसिस्टीमपुरतं असतं. ती कॉल सोबत एक माउंट मागते आणि त्याच फाइलसिस्टीममध्ये शोधते. ड्रॉइंगसाठी वेगळं पार्टिशन असेल तर आतला माणूस त्याच पार्टिशनमध्ये फिरणार, आणि ते तर आपण शेअर केलेलंच आहे.

राजारामपुरी_रूट

कंटेनरमध्ये फक्त तुमचं पार्टिशन माउंट होतं असं धरून चाललाय. आत जाऊन माउंटची यादी बघा: होस्ट्स, होस्टनेम आणि रिझॉल्व्ह-कॉन्फ या तीन फायली डॉकर स्वतः होस्टवरून बाइंड करतं. त्या डॉकरच्या डेटा फोल्डरमधून येतात आणि तो फोल्डर बहुतेक मशीनवर रूट पार्टिशनवरच असतो. म्हणजे रूट फाइलसिस्टीमचा माउंट आयताच हातात! शॉकरनंही अशाच एका बाइंड केलेल्या फाइलचा आधार घेतला होता. तुमची युक्ती चालवायची तर डॉकरचा डेटा फोल्डरही वेगळ्या पार्टिशनवर न्या. तरी त्या पार्टिशनवरच्या बाकीच्या कंटेनरच्या फायली उघड्या राहतातच.

उजळाईवाडी_अॅडमिन

दोघंही सुरक्षेवर भांडताय, पण ऑफिसात रोज त्रास होतो तो ग्रेस पिरियडचा. गणेशा रीस्टार्ट झाली की डीफॉल्टनं ९० सेकंद जुन्या क्लायंटना आपापले लॉक परत मागू देते. तोवर नवीन ओपन आणि लॉक थांबून राहतात. समोरच्याला वाटतं सर्व्हर लटकला. तो पुन्हा रीस्टार्ट मारतो आणि परत ९० सेकंद सुरू! लाईट गेली-आली की हेच. त्याहून वाईट म्हणजे जुन्या क्लायंटची नोंद 'व्हार-लिब-एनएफएस-गणेशा' फोल्डरमध्ये असते. इमेज (कंटेनरचा साचा) अपडेट करताना कंटेनर पुसून नवा केला आणि हा फोल्डर व्हॉल्यूमवर (कंटेनर पुसला तरी टिकणाऱ्या जागेवर) नसला, तर नोंदच गेली. मग लॉक परत मिळत नाहीत आणि उघडं ड्रॉइंग सेव्ह करताना एरर येतो.

रूटलेस पॉडमन (होस्टच्या रूटशिवाय कंटेनर चालवणारं साधन) सुचवणाऱ्यांनाही आधीच सांगतो: जुन्या कर्नलवर युजर नेमस्पेसमधली, म्हणजे फक्त कंटेनरपुरती असलेली, कॅपॅबिलिटी 'ओपन_बाय_हँडल_ॲट'ला चालत नाही. शिवाय पोर्ट फॉरवर्डर मध्ये आला की सगळे क्लायंट एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात, मग क्लायंटनिहाय परवानगीला अर्थ उरत नाही.

शिरोली_नेटवर्क

व्हॉल्यूमचं मान्य, ते पहिल्याच यादीत हवं होतं. आणि डॉकर स्टॉप फक्त १० सेकंद थांबून किल करतं, ती मुदत ६० करा. बाकी डॉकरचा फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर नेणं हे एका दुपारचं काम आहे. तेवढ्यासाठी व्हीएम, दुसरं ओएस आणि त्याचे वेगळे अपडेट सांभाळायला छोट्या फौंड्रीत माणूस कुठाय? ज्यांच्याकडे सेफ (अनेक मशीनवर पसरलेलं स्टोरेज) आहे त्यांना तर व्हीएफएस एफसॅल लागतच नाही. सेफचा एफसॅल लायब्ररीतून थेट क्लस्टरशी बोलतो, हँडलची कॉल नाही, ती कॅपॅबिलिटीही नाही.

राजारामपुरी_रूट

सेफला निदान तीन मशीन हवीत, दहा वर्कस्टेशनच्या ऑफिसात ते शोभत नाही. आणि एक धोका राहिलाच: बॅकअपसाठी तोच शेअर त्याच होस्टवर परत माउंट करू नका. मेमरी संपत आली की कर्नल एनएफएसची डर्टी पानं (मेमरीत असलेला, अजून सर्व्हरवर न लिहिलेला डेटा) लिहून मोकळी करायला जातो. ती लिहायला गणेशा लागते, आणि गणेशाला त्याच वेळी मेमरी हवी असते. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. बॅकअप मूळ पार्टिशनवरूनच घ्या, यात तरी आपलं दुमत नसावं.

उजळाईवाडी_अॅडमिन

कॉलेजच्या लॅबवाल्यांनी एक बघा. एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या मशीनचं होस्टनेम सारखं राहिलं तर व्हर्जन ४ चा सर्व्हर त्यांना एकच क्लायंट समजू शकतो आणि एक जोडला की दुसऱ्याचे लॉक उडतात. आधी होस्टनेम वेगळी करा, नाहीतर प्रत्येकावर 'एनएफएस४_युनिक_आयडी' वेगळा लावा, मग कंटेनर की व्हीएम ते ठरवा.